शेवाळांतील तेलाचें मोजमाप



सांचलेल्या पाण्यास जो हिरवा रंग चढतो, तो बहुधा नुसत्या डोळ्यांस न दिसणाऱ्या एकपेशीय शेवाळाचा असतो. त्याच्या कांहीं जातींच्या पेशींत तेलाचे बारीक थेंब सांठतात. ह्या तेलापासून डिझेलसारखें इंधन करतां यावें, म्हणून अमेरिकेच्या सरकारनें १९७८ पासून १९९६ पर्यंत संशोधन चालविलें. परंतु इंधनाची आशा धरण्यापूर्वीं एका प्रश्नाचा उलगडा व्हावा लागतो: शेवाळांत तेल आहे तरी किती, हें मोजावयाचें कसें?

भुईमुगाचें तेल घाण्यावर काढून तोलतां येतें. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी पेशी घाण्यांत कशी सांपडावी? म्हणून क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉल ह्या द्रवांचें साह्य घेतात. ब्लाय आणि डायर ह्या शास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं माशांतील स्निग्धांशाकरितां प्रसिद्ध केलेली रीत शेवाळासही लावतात. ह्या मिश्रणांत शेवाळ घुसळून त्यांत आणखी क्लोरोफॉर्म व पाणी घातलें, म्हणजे दोन थर पडतात. खालच्या क्लोरोफॉर्मच्या थरांत स्निग्धांश उतरतो. तो थर वेगळा करून क्लोरोफॉर्म उडवून लावावा व मागें राहील तें तोलावें.

येथेंच पहिली फसगत होते. मागें राहिलेलें सारेंच तेल नसतें. त्यांत हरितद्रव्य व पेशींच्या आवरणांतील स्निग्ध द्रव्येंही असतात. कांटा वजन सांगतो, जात सांगत नाहीं. ह्यास्तव स्निग्धाम्लांचीं मेथिल एस्टरें करून तीं गॅस क्रोमॅटोग्राफीनें निरनिराळीं मोजतात. बायोडिझेल म्हणतात तें ह्याच एस्टरांचें बनलेलें असल्यामुळें ही मोजणी अधिक विश्वासार्ह ठरते. नाइल रेड नांवाचा रंग तेलाच्या थेंबांत शिरून चमकतो, त्यावरून झटपट अंदाज येतो. मात्र प्रत्येक जातीच्या पेशींत तो सारखा शिरत नाहीं, म्हणून तो अंदाज दुसऱ्या रीतीनें पडताळावा लागतो.

दुसरी फसगत शेकडेवारीची. शेवाळाचा नायट्रोजन तोडला, तर कांहीं जातींत तेलाचें प्रमाण कोरड्या वजनाच्या शेकडा ६० पर्यंत चढतें. पण त्याच वेळीं वाढ मंदावते. अमेरिकेंतील त्या संशोधनाचा समारोपाचा अहवाल १९९८ सालीं निघाला. अशा उपासमारीनें एकंदर तेलाचें उत्पन्न वाढत नाहीं, असेंच त्यांत नमूद आहे. परीक्षेस दोनच विद्यार्थी बसवून शंभर टक्के निकाल मिरविणाऱ्या शाळेसारखेंच हें झालें!

तेव्हां शेवाळाच्या तेलाचा मोठा आंकडा कानीं पडला, आणि त्यावर कोणी भांडवल मागूं लागला, तर आपण तीन प्रश्न विचारावे. मोजणी कोणत्या रीतीनें केली? वजन ओलें कीं कोरडें? आणि एका चौरस मीटर पाण्यांतून दररोज तेल किती निघालें? ह्या तिहींचीं उत्तरें मिळेपर्यंत थांबणें श्रेयस्कर होय.