दोन ट्यूबचा गोंद आणि कुकरचा कान

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कुकरचा एक कान तुटला. नवा आणायला तालुक्याला कोण जाणार? म्हणून मी दोन ट्यूबचा गोंद काढला. रेडिओवर नाव घेत नाही, उगाच जाहिरात व्हायची. हार्डवेअरच्या दुकानात 'दोन ट्यूबवाला' म्हटलं की देतात. एकीत रेझिन असतं, दुसरीत हार्डनर.

लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर जरा जास्तच पिळला. सकाळी बघते तर कच्च्या पाकाच्या चिक्कीसारखा नुसता चिकट! सगळा खरवडला, बेतानं मिसळून पुन्हा लावला. तो मात्र दगडासारखा झाला. दोन दिवस कुकर मजेत उचलला. तिसऱ्या दिवशी डाळ उतरवताना कान माझ्या हातात आणि कुकर ओट्यावर आडवा. झाकण घट्ट होतं म्हणून बरं. माझी चार वर्षांची नात दोन हातांवर उभी होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमचे धाकटे दीर मोटारी दुरुस्त करतात. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "वहिनी, हा गोंद वाळत नाही, तो जुळून येतो. रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या मापातच एकमेकांना धरतात. जास्तीचा हार्डनर तसाच मोकळा राहतो आणि सगळंच कच्चं ठेवतो." आणि कान का निघाला? तर साधा असा गोंद 60–70 अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतो. कुकर तर 120 च्या आसपास तापतो. म्हणजे माझं माप बरोबर असतं तरी तो निघणारच होता. कान स्क्रूवर बसतो, बाजारात सुटा मिळतो. तोच आणायचा.

मग हा गोंद टाकून द्यायचा का? छे! लोणच्याच्या बरणीच्या झाकणाची मूठ मी त्यानंच बसवली. मूठ वरच्या बाजूला असते, लोणच्याला गोंद लागत नाही. बरणी आतून तडकली असती तर नसता लावला. चहाच्या कपालाही लावू नका.

आधी तेलकटपणा साबणानं घालवला, पूर्ण वाळू दिलं, तुटलेल्या कडा पॉलिश पेपरनं थोड्या खरबरीत केल्या. जुन्या पत्रिकेच्या पुठ्ठ्यावर दोन्ही ट्यूबच्या सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या रेघा ओढल्या. पाकिटावर सारखं माप लिहिलं होतं म्हणून सारख्या. तुमच्या पाकिटावर वेगळं असेल तर तसं घ्या. रंग एकसारखा होईपर्यंत काडीनं चांगलं घोटलं. बोटानं नाही हं! कच्चा गोंद अंगाला लागून काहींना खाज सुटते, पुरळ उठतं. पातळ थर लावला, मूठ दाबून सुतळीनं बांधली आणि झाकण रात्रभर वाळूच्या डब्यात सरळ उभं ठेवलं. पाच मिनिटांत धरणारा प्रकारही मिळतो, पण माझ्यासारखीला त्यात धांदल होते.

आणि टोपणं! ह्याचं त्याला लावलंत की ट्यूब कायमची बंद. माझ्या दोन ट्यूब अशाच गेल्या. आता हार्डनरच्या टोपणाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावते.

मूठ आठ महिने झाले, टिकून आहे. जोड दिसतो, दिसू दे. कुकरला नवा कान आणलाय. येते, नमस्कार.