चाल तीच, मन निराळं
(मेळाव्यात रात्रीच्या बैठकीत झालेल्या भाषणावरून)



दिवसभर सातबारा, एकसाली प्लॉट, पंचनामे हेच बोललो. आता तारप्याचं बोलू. करमणूक म्हणून नाही. पोरं मोर्चाची गाणी बांधतायत, त्यावर आम्हा तारपकऱ्यांचं म्हणणं आहे.

तारप्यात असतं काय? वाळलेला दुधी, बांबूच्या दोन नळ्या, आत बांबूच्याच जिभा, सांधे बुजवायला मेण, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. भोकं मोजकीच, म्हणून सूरही मोजकेच. बाहेरचा माणूस येतो, दहा मिनिटं ऐकतो आणि म्हणतो, "हे तर एकसारखंच चाललंय." दहा मिनिटांत त्याला दुसरं काय ऐकू येणार?

सूर तेच राहतात, पण चाळा बदलतो. दिवसभर भात कापून आलेली माणसं रात्री खळ्यावर जमतात, तेव्हा पाय जड असतात. तेव्हा आम्ही खालचा सूर लांब धरतो, पाऊलही सावकाश पडतं. एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी आमच्या मागे फिरते. अंग तापलं की तोच सूर तोडून तोडून फुंकायचा, म्हणजे नाच उसळतो. चाळा बदलायच्या आधी एक सूर जरा जास्त ताणला की पुढचा काठीवाला ओळखतो, काठी आपटतो, आणि अख्खी साखळी पाऊल बदलते. कोणी तोंडाने सांगत नाही. मधे श्वासाला थांबायचं नाही, गालात वारा साठवून नाकाने ओढायचा. तारपा तुटला की नाच तुटला.

आणि मध्यरात्री पुन्हा संथ चाळा येतो. सुरुवातीचाच, पण आता तो थकव्याचा राहत नाही. गेलेली माणसं आठवतात, एखादी म्हातारी नाचता नाचता डोळे पुसते. चाल तीच असते, रात्र पुढे सरकलेली असते.

धवलेरीचंही तसंच. चौक लिहिताना ती जी ओळ सरळ म्हणते, तीच नवरी निघताना शेवटाला ओढते, आणि मांडवात सगळे गप्प होतात.

शहरात कार्यक्रमाला नेलं तेव्हा आम्हाला सात मिनिटं दिली होती. "फास्टवालं वाजवा," म्हणाले. वाजवलं. टाळ्याही पडल्या. पण संथ चाळ्याशिवाय उसळी म्हणजे नुसती धावपळ. नाचणाऱ्या बायांनाही तो नाच वाटला नाही.

आता पोरांचं. तुम्ही सगळी गाणी उसळत्या चालीवर बांधता. मोर्चाला ती चालतात, रस्त्यावर तीच पाहिजेत. पण कचेरीसमोर तीन दिवस बसायचं असतं, दुसऱ्या रात्री पोरं रडतात, पीठ संपतं. त्या रात्री उसळती चाल कोणाच्या गळ्यात येत नाही, हे आपण बघितलंय. त्या वेळेचं गाणं आपल्याकडे नाही. ते संथ चाळ्यावर बांधा. आणि धवलेरीच्या चालीवर घोषणा बसवू नका, बायांना ते पटलेलं नाही. हवं तर त्यांनाच विचारा, कुठली चाल द्यायची ते.

जमिनीशी याचा काय संबंध, असं कोणी विचारेल. वेठ होती तेव्हा आधी सावकाराचं भात कापायचं, मग आपलं. 1945 साली झरीच्या परिषदेत वेठ नाकारली, त्याआधीचं म्हातारी माणसं सांगतात : सावकाराचा माणूस खळ्यावरच भात मापून नेई. त्या खळ्यावर रात्रभर काय वाजवणार? तारपा निघतो भात तयार झाल्यावर, दिवाळीपर्यंत वाजतो. शेत आपलं तर खळं आपलं, तेव्हाच अख्खी रात्र आपली. बांबू आणायला गेलं की आजही जंगल खात्याचा माणूस अडवतो, ते तर तुम्हाला माहीतच आहे.

तेव्हा असं ठरवू. पुढच्या मेळाव्यात ठराव झाल्यावर पाच मिनिटांचा नाच नको, रात्र सोडा. ज्यांच्या घरी तारप्याच्या दुधीचं बी असेल त्यांनी मूठभर आणा. आमच्या पाड्यात दोनच वेल उरलेत, आणि शिकायला चार पोरं तयार झालीत.