शिरस्त्राणाची पारख



इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून निसटलेली वीट जेमतेम एका सेकंदात जमिनीवर येते. खाली काम करणाऱ्यास तेवढ्यात सावध होणे शक्य नसते. म्हणूनच सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पुलाच्या बांधकामावर (१९३३ ते १९३७) शिरस्त्राण सक्तीचे करण्यात आले होते. आज गोव्यातही बांधकामांवर व गोद्यांमध्ये पिवळी शिरस्त्राणे दिसतात. परंतु डोक्यावर काहीतरी असणे म्हणजे संरक्षण असणे नव्हे.

शिरस्त्राणाची निम्मी शक्ती त्याच्या आत असते. कवच आघात पसरविते, आतील पट्ट्या ताणल्या जाऊन तो सोसतात आणि त्यासाठी दोहोंमध्ये सुमारे तीन सेंटिमीटर पोकळी ठेवलेली असते. घाम टिपण्यासाठी तेथे टॉवेल कोंबला, की पट्ट्यांना ताणण्यास जागाच उरत नाही. हवा यावी म्हणून कवचाला भोके पाडणेही तितकेच घातक होय.

खरेदीच्या वेळी रंग व चकाकी यांवर न जाता आयएसआय चिन्ह पाहावे. त्याच्या वर ‘आयएस २९२५’ हा क्रमांक व खाली परवाना क्रमांक असावा. ‘आयएस ४१५१’ हे मानक दुचाकीस्वारांच्या शिरस्त्राणाचे आहे. कारखान्यासाठी ते चालत नाही. निर्मितीचे वर्ष पाहावे, पट्टा डोक्याला बेताचा बसतो का, हे घालून पाहावे. विजेच्या कामासाठी धातूचे शिरस्त्राण कदापि घेऊ नये.

उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते. थिनर किंवा पेट्रोलने पुसल्यासही ते कमकुवत होते. फिकटलेले वा तडकलेले शिरस्त्राण टाकून द्यावे. ज्याने एकदा जोराचा आघात सोसला, ते वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये.

एक प्रश्न मात्र शिरस्त्राणाने सुटत नाही. डोक्यावर चुंबळ ठेवून घमेले वाहणाऱ्या स्त्रीला ते घालताच येत नाही आणि परातीखालून तिला वरचे काही दिसतही नाही. तिच्या वाटेवर भक्कम छप्पर घालणे, परांचीच्या कडेला फळ्या लावणे, वर काम चालू असता खालची ये-जा थांबविणे, शक्य तेथे ओझे यंत्राने चढविणे, हे काम चालविणाऱ्याचे कर्तव्य आहे. वस्तू खाली पडूच नये, ही पहिली दक्षता. शिरस्त्राण ही शेवटची.