कल्याणची आनंदी आणि आफ्रिकेचे समाजचिंतन

(कल्याण येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



माणूस एकटा पूर्ण होत नाही, ही आफ्रिकेतील समाजचिंतनाची धारणा. नायजेरियाचे इफेआन्यी मेन्किटी यांनी १९८४ साली मांडले की, व्यक्तित्व जन्मासोबत येत नाही. समाजात राहून, कर्तव्ये पार पाडीत ते मिळवावे लागते. संस्कारांवर वाढलेल्या आपल्याला हे परके वाटत नाही. घानाचे क्वामे ग्येक्ये यांचा मात्र यावर आक्षेप होता. समाज माणसाला घडवतो हे मान्य. पण समाजाची रीत तपासण्याची आणि प्रसंगी नाकारण्याची बुद्धी व्यक्तीपाशी उरतेच, असे ते म्हणत.

या वादाचे उत्तर शोधायला मला दूर जावे लागले नाही.

३१ मार्च १८६५ रोजी याच कल्याणात यमुना जोशी जन्मली. नवव्या वर्षी विवाह होऊन ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. शिक्षणाचा ध्यास मुळात पती गोपाळरावांचा, आणि त्यांची सक्ती कठोर होती. ते झाकून तिचे गुणगान करण्यात अर्थ नाही. परंतु २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर महाविद्यालयात उभी राहून बोलली ती स्वतः आनंदीबाई. वय अठराहूनही कमी. अमेरिकेला का? एकटी का? परतल्यावर जातीबाहेर टाकले तर? लोकांचे हे प्रश्न तिने एकेक घेतले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे सांगितले. आजवर कोणत्याही स्त्रीने न केलेले तू का करावेस, या प्रश्नावर तिने स्वतःच्या हक्काची भाषा केली नाही. व्यक्तीच्या कार्यावर समाजाचा अधिकार असतो, असा तिचा युक्तिवाद होता. ज्या समाजाची रीत ती मोडत होती, त्याच्याच ऋणाचा आधार तिने घेतला! तिने परवानगी मागितली नाही, कारणे दिली.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात ती डॉक्टर झाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेली. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक तशीच राहिली.

आज डोंबिवलीतली एखादी मुलगी वेगळी वाट निवडते, तेव्हा आपणही तिला हेच प्रश्न विचारतो. विचारावेत, तो घरच्यांचा अधिकारच आहे. मात्र सेरामपूरचे श्रोते उत्तर पुरे होईपर्यंत बसून होते.