आपला मुलूख कॅमेऱ्यात टिपताना

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



छायाचित्रण म्हणजे पैसेवाल्यांचा शौक, असे आपल्यातील बरेच वडीलधारे मानतात. रोल विकत आणायचा, तो धुऊन घ्यायचा, त्या काळी ते खरेही होते. आज कॅमेरा मोबाइलमधून घरोघर आला आहे. आता प्रश्न एवढाच, की त्यात आपण काय टिपतो? केवळ स्वतःचा चेहरा, की आपला मुलूखही?

ही कला आपल्या राज्याला नवी नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते.

छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, बीबी का मकबरा आपण सारे पाहतो. घुमट बोटांच्या चिमटीत धरल्यासारखा फोटो काढला, की सहल संपली! पण मुख्य प्रवेशद्वारावरील लेख किती जणांनी टिपला? त्यात दोन नावे आहेत : स्थापत्यकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. कोरीव अक्षरे नेहमी तिरप्या उन्हात टिपावीत; बाजूने प्रकाश पडला की ती उठून दिसतात. भर दुपारी मात्र सारे सपाट होते. कॅमेरा वर तिरपा धरला की मिनार एकमेकांकडे झुकल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा मागे सरकावे आणि कॅमेरा सरळ धरावा. एखादे माणूस दाराशी उभे करावे, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. संरक्षित वास्तूत तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते, हेही ध्यानात असू द्या.

परंतु इमारती म्हणजेच इतिहास नव्हे. माझ्या मते, माणसांचे हात टिपणे अधिक निकडीचे आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन पाहा. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनवायला घेतली. पंढरपूरच्या बाजूने आलेले वाळके भोपळे, त्यांना जोडलेली लाकडी दांडी, तारा आणि शेवटी जवारी काढण्याचे ते नाजूक काम! घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा कानस. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनाच्या कागदावर कानस कशी धरावी ते दिसत नाही. ते फोटोतच दिसते, आणि तेही कारागिराच्या अगदी शेजारी बसून काढलेल्या फोटोत.

येथे पालकांना एक विनंती. मुलांना शिष्टाचार आपणच शिकवावा. आधी सलाम-नमस्कार, मग परवानगी. कोणी, विशेषतः घरातील स्त्रियांनी, नको म्हटले तर कॅमेरा खिशात! ज्याचा फोटो काढला त्याला त्याची एक प्रत नेऊन द्यावी. पुढच्या वेळी तोच माणूस चहा पाजून आजोबांच्या गोष्टी सांगेल.

आणखी एक गोष्ट मला बोलून दाखवलीच पाहिजे. मोहल्ल्यातील जुन्या मशिदी, दर्गे, वाडे यांची दुरुस्ती आपण मोठ्या उत्साहाने करतो. पण शिलालेखावर ऑइलपेंट फासतो, कोरीव दगडावर फरशा चिकटवतो. वर्गणी देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, तरी अक्षर बुजते ते बुजतेच. निदान काम सुरू होण्यापूर्वी एका विद्यार्थ्याने सर्व बाजूंनी फोटो घ्यावेत आणि कमिटीने त्याला अडवू नये.

फोटोमागे चार ओळी हव्यातच : ठिकाण, तारीख, माणसाचे नाव, तो काय करीत होता. माहितीविना फोटो म्हणजे पत्त्याविना पाकीट. नाव सांगायला कोणाची हरकत असेल तर ते लिहू नका, त्याचा व्यवसाय लिहा.

दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावातील एक जुनी वास्तू आणि एक चालता व्यवसाय टिपावा. लोहार, पिंजारी, कासार, कोळी, कोणीही चालेल. प्रत्येकी पाचच फोटो, पण टिपणासह. शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारी ते माझ्याकडे आणून द्या; ग्रंथालयातील खिडकीजवळचे कपाट त्यासाठी रिकामे करून ठेवले आहे.