वाचनालयाची पाटी कोणाच्या भिंतीवर?

(धारणी येथे वाचनालय कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



नव्या पुस्तकांची वार्ता वाचकांपर्यंत पोहोचविण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप वापरावे काय, हा आपला प्रश्न आहे. ते फुकट आहे, हा युक्तिवाद पुरेसा नाही. २०१४ साली फेसबुकने ते सुमारे १९ अब्ज डॉलर्सना घेण्याचा करार केला. ही किंमत लोकसेवेची नव्हती. कोट्यवधी माणसांचे परस्परसंबंध हेच तेथील भांडवल होते.

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हे त्यांतील एक. आपली कसोटी तीच असावी.

या कसोटीवर ध्वनिसंदेशाची सोय मोलाची ठरते. मेळघाटातील कोरकू वाचकाला त्याच्याच भाषेत निरोप देता येतो. परंतु सर्वसाधारण गटात प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसतो. वाचक मुलींना त्यातून होऊ शकणारा उपद्रव क्षुल्लक मानता येणार नाही. २०२३ साली भारतात आलेल्या 'चॅनेल'मध्ये अनुयायांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून सूचनांसाठी गटापेक्षा तेच बरे.

तथापि ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ही सेवा जगभर कित्येक तास बंद पडली होती, हे विसरू नये. ज्याच्या हाती फोन नाही, त्याच्यासाठी आठवडी बाजारातला फलक हवाच. आणि सभासदांची नोंदवही वाचनालयाच्याच कपाटात राहावी. परक्याच्या भिंतीवर पाटी जरूर लावा. घर मात्र तिच्या स्वाधीन करू नका.