लॅपटॉपचा डोळा मिटतो तेव्हा
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजचा माझा विषय दिसावयास फार लहान आहे. लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेला मुगाच्या दाण्याएवढे एक भिंग बसविलेले असते. तो त्या यंत्राचा डोळा. हा डोळा उघडेनासा झाला म्हणजे शिक्षकाने काय करावे, एवढेच मला आपणांस सांगावयाचे आहे.

हे काम दुरुस्ती करणाऱ्याचे आहे, आपले नव्हे, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु चोपडा, यावल, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील डोंगराकडच्या शाळांचा विचार करा. दुरुस्तीचे दुकान तालुक्याच्या गावी. तेथे जाऊन येण्यात एक दिवस जातो. आणि दोनशिक्षकी शाळेत एका शिक्षकाचा दिवस गेला म्हणजे अर्ध्या शाळेचा दिवस गेला. शिवाय माझा अनुभव असा की, बंद पडलेल्या दहा कॅमेऱ्यांपैकी बहुतेक कॅमेरे मुळी बिघडलेलेच नसतात.

हा अनुभव मला स्वतःच्या चुकीतून आला. ती चूक प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी मी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत होतो. दिवाळीनंतर गावातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जात आणि मुले आजी-आजोबांपाशी राहत. प्रजासत्ताकदिनी मुलांनी धडा वाचून दाखवावा आणि फडावरच्या आईबापांनी तो मोबाइलवर पाहावा, असे आम्ही योजिले. तिसरीतील एक मुलगी वाचनात फार मागे होती. त्या महिन्यात ती प्रथमच एक सबंध धडा न अडखळता वाचू लागली होती. आईला दाखवावयाचे म्हणून ती घरीही रोज मोठ्याने वाचत असे.

आदल्या सायंकाळी मी लॅपटॉप उघडला, तो कॅमेऱ्याचे चित्र काळे. मी घाबरलो. कोणत्याशा अनोळखी संकेतस्थळावरून एक ‘ड्रायव्हर’ उतरवून घेतला. आधीचा काढला, नवा बसविला, सेटिंग्ज बदलली, दुसरा एक प्रोग्रॅम टाकला. घटकाभरात काळे चित्रही गेले आणि कॅमेराच सापडत नाही, असा संदेश येऊ लागला. सकाळी ती माऊली फडातले काम सोडून मुकादमाच्या मोबाइलपुढे बसली. मुलीने धडा वाचला. आवाज येतो, पण पोर दिसत नाही, असे आई आपल्या बोलीत पुनःपुन्हा म्हणत होती. माझ्या मोबाइलवरून लॅपटॉपला इंटरनेट दिलेले होते. तोच मोबाइल मुलीसमोर धरावा, हेदेखील त्या गडबडीत मला सुचले नाही.

पुढे दुरुस्ती करणाऱ्याने लॅपटॉप हातात घेतला आणि भिंगावरची बारीक झडप नखाने बाजूला सारली. मूळ दोष तेवढाच होता. पडदा पुसताना कोणाच्या तरी हाताने झडप सरकली होती. त्यानंतरचा दीड तास त्याने मी करून ठेवलेला बिघाड निस्तरण्यात घालविला.

आपल्या भागातील शेतकरी अशी चूक करीत नाही. विहिरीवरची मोटार सुरू झाली नाही तर तो एकदम मोटार वर काढावयास माणसे बोलावीत नाही. प्रथम वीज आहे का पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटार वर काढणे सर्वांत शेवटी. बाहेरून आत जावयाचे, फुकटाकडून खर्चाकडे जावयाचे, हा त्याचा नियम आहे. कॅमेऱ्यालाही हाच नियम लावावयाचा आहे.

परंतु क्रम समजून पाळावयाचा तर या यंत्राची घडण थोडी समजली पाहिजे. भिंगातून आत आलेला प्रकाश एका लहानशा चकतीवर पडतो. तिच्यावर प्रकाश टिपणारे लक्षावधी बिंदू असतात. साधारण लॅपटॉपचे चित्र १२८० बिंदू रुंद व ७२० बिंदू उंच, म्हणजे सुमारे ९ लाख २१ हजार बिंदूंचे असते, आणि पुरेशा उजेडात अशी चित्रे सेकंदाला तीसपर्यंत तयार होतात. ती एका बारीक केबलमधून, पडद्याच्या बिजागरीजवळून, खालच्या भागातील मुख्य पाटीपर्यंत जातात. कॅमेरा आत बसविलेला असला तरी त्याची जोडणी बहुधा यूएसबीचीच असते. बाहेरून लावलेल्या पेनड्राइव्हसारखीच ती समजावी.

आता ड्रायव्हर म्हणजे काय? पहिलीच्या वर्गात पावरी बोलणारे मूल येते. आपण मराठीत बोलतो. दोघेही शहाणे, पण दोघांनाही एकमेकांचे कळत नाही. मग चौथीतील एखादा मुलगा मध्ये उभा राहतो. याचे त्याला आणि त्याचे याला सांगतो. हा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. कॅमेरा आपल्या भाषेत बोलतो, विंडोज आपल्या भाषेत. मधला दुभाषी गैरहजर असला किंवा चुकीचा आला, तर दोन्ही बाजू धड असूनही काम अडते. पूर्वी प्रत्येक कॅमेऱ्याची भाषा निराळी असे. २००३ साली ‘यूएसबी व्हिडिओ क्लास’ नावाची समाईक बोली ठरविण्यात आली. ती बोलणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी लागणारा दुभाषी विंडोजमध्ये आणि लिनक्समध्येही आधीपासूनच असतो. म्हणून ड्रायव्हर बाहेरून आणण्याची पाळी पुष्कळदा येतच नाही. ही गोष्ट मला त्या सायंकाळी ठाऊक असती, तर पुढचा अनर्थ टळला असता.

या डोळ्याचा इतिहासही आपणांस नवल वाटावे असा आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली कॉफीच्या एका भांड्यावर कॅमेरा रोखण्यात आला. जिने चढून जावे आणि भांडे रिकामे निघावे, हा त्रास चुकविण्यासाठी केलेली ती युक्ती होती. जगातील पहिला वेबकॅमेरा म्हणून तो प्रसिद्ध झाला, आणि २००१ साली बंद करण्यात आला. आपल्या खानदेशात २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. हा तालुका १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. तेथील रंजना सोनवणे यांना पहिला क्रमांक मिळाला. आधारच्या नोंदणीत बोटांचे ठसे व बुबुळांची प्रतिमा यांच्याबरोबर संगणकाला जोडलेल्या कॅमेऱ्याने चेहऱ्याचे छायाचित्रही घेतले जाते. पुढे २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा जेथे साधने होती तेथे वर्ग याच डोळ्याने चालले. त्याच वर्षी ग्लोबल टीचर प्राइझ मिळविणारे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आपल्या विद्यार्थ्यांची परदेशांतील मुलांशी गाठ घालून दिली, तीही याच मार्गाने. तेव्हा हे भिंग म्हणजे चैनीची वस्तू नव्हे.

आता तपासणीचा क्रम सांगतो. प्रत्येक पायरीनंतर विंडोजमधील ‘कॅमेरा’ हा साधा प्रोग्रॅम उघडून पाहावा. तेथे चित्र दिसले, तर कॅमेरा आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक आहेत. दोष पुढे, सभेच्या प्रोग्रॅममध्ये आहे, असे समजावे.

पहिली पायरी हात आणि डोळे यांची. भिंगावर झडप आहे का पाहावे. काही लॅपटॉपवर झडप बंद असता भिंगाच्या जागी तांबडा किंवा पांढरा ठिपका दिसतो. कोणी कागद वा चिकटपट्टी लावली असल्यास काढावी. वरच्या ओळीतील एखाद्या कळीवर कॅमेऱ्याचे चिन्ह असते. ती दाबली गेली असेल तर पुन्हा दाबावी, न जमल्यास एफएन कळीसह दाबावी. काही यंत्रांना बाजूला लहान खटका असतो. भिंग कोरड्या मऊ फडक्याने पुसावे. येथे एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. भिंगाजवळचा बारीक दिवा लागतो पण चित्र काळे, तर बहुधा झडप बंद आहे. दिवाच लागत नाही, तर दोष पुढच्या पायऱ्यांवर शोधावा.

दुसरी पायरी, यंत्र नव्याने सुरू करणे. येथे पुष्कळ जण फसतात. विंडोजमध्ये ‘शटडाउन’ केले म्हणजे सर्व काही बंद झाले, असे आपण मानतो. परंतु ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय चालू असेल, तर आतली काही स्थिती जपून ठेवली जाते आणि दोषही तिच्याबरोबर जपला जातो. म्हणून ‘रीस्टार्ट’ करावे. सुरू होताच दुसरे काहीही न उघडता कॅमेरा पाहावा. कारण एका प्रोग्रॅमने कॅमेरा धरून ठेवला असेल, तर दुसऱ्याला तो बहुधा मिळत नाही.

तिसरी पायरी परवानगीची. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात ‘कॅमेरा’ हे पान असते. विंडोज १० मध्ये त्या भागाचे नाव नुसते ‘प्रायव्हसी’ आहे. त्या पानावर कॅमेरा वापरण्याची मुभा सर्वांत वर एकदा, प्रोग्रॅमांसाठी एकदा, आणि खाली डेस्कटॉप प्रोग्रॅमांसाठी निराळी द्यावी लागते. तिन्ही ठिकाणचे खटके पाहावेत. ब्राउझरमधून सभा असेल, तर पत्त्याच्या पट्टीजवळील चिन्हावर टिचकी मारून त्या संकेतस्थळाला परवानगी आहे का पाहावे. कधी कधी विषाणुरोधक प्रोग्रॅमही कॅमेरा अडवितो. त्याचीही सेटिंग्ज पाहावीत.

चौथी पायरी ड्रायव्हरची. ‘स्टार्ट’च्या चिन्हावर उजवी टिचकी मारून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. ही यंत्राची हजेरीच होय. तिच्यात ‘कॅमेराज’ किंवा ‘इमेजिंग डिव्हाइसेस’ या मथळ्याखाली कॅमेऱ्याचे नाव असते. नावावर खाली वळलेला बाण असेल, तर कॅमेरा कोणीतरी बंद केला आहे. उजव्या टिचकीने ‘एनेबल’ करावा. पिवळा त्रिकोण असेल, तर दुभाष्याचे बिनसले आहे. अलीकडे अद्ययावतीकरण होऊन गेल्यावर हा दोष आला असेल, तर ‘प्रॉपर्टीज’मधील ‘ड्रायव्हर’ या पानावरील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरावे. आधीचा दुभाषी परत येतो. ती सोय फिकट दिसत असेल, तर ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये जाऊन आपल्याच संगणकावरील यादीतून निवडण्याचा मार्ग धरावा आणि यादीत ‘यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस’ असल्यास ते घ्यावे. तेवढ्यानेही भागले नाही, तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करावे. मात्र ड्रायव्हर पुसून टाकण्याच्या चौकटीत खूण करू नये. नंतर रीस्टार्ट करावे. विंडोज कॅमेरा पुन्हा ओळखते आणि दुभाषी पुन्हा नेमते.

नवा ड्रायव्हर आणणे अगदी भागच पडले, तर तो दोनच ठिकाणांहून आणावा: विंडोज अपडेटमधील ऐच्छिक यादीतून, किंवा लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून, यंत्राच्या तळाशी लिहिलेला मॉडेल क्रमांक घालून. ‘सर्व ड्रायव्हर एका टिचकीत’ असे सांगणाऱ्या तिसऱ्या कोणाच्याही दारी जाऊ नये.

पाचवी पायरी आपल्या हातची नव्हे. हजेरीत कॅमेऱ्याचे नावच नाही, यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्येही तो बंद केलेला नाही, किंवा पडदा पुढेमागे हलविताच चित्र येते-जाते, तर बिजागरीजवळची केबल सैल झाली वा झिजली असावी. अशा वेळी यंत्र उघडू नये. वॉरंटी पाहावी आणि जाणत्याकडे द्यावे. तोपर्यंत यूएसबीचा सुटा कॅमेरा लावून काम चालते. आतल्या कॅमेऱ्यासाठी सबंध लॅपटॉप निर्लेखनाच्या यादीत घालणे, हा तर शाळेवर अन्यायच होय.

या सर्वांहून महत्त्वाचे दोन नियम आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आणि बदललेली गोष्ट लिहून ठेवावी. लॅपटॉपच्या पिशवीत एक लहान वही ठेवा. तारीख, काय दिसले, काय बदलले, काय झाले, हे चार रकाने पुरेत. आपली बदली झाल्यावर येणाऱ्या शिक्षकाला ती वही दुरुस्ती करणाऱ्यापेक्षाही उपयोगी पडेल. आणि कार्यक्रम उद्या असेल तर तपासणी आज दुपारी करा, आज रात्री नव्हे. तपासताना मुलांना खिडकीसमोर बसवा, खिडकीकडे पाठ करून नव्हे. पाठीमागून ऊन आले म्हणजे चांगल्या कॅमेऱ्यातही चेहरे काळे दिसतात.

एक शेवटची सूचना. काम संपले म्हणजे झडप बंद करा. मुलांचे चेहरे ही आपल्याकडे सोपविलेली ठेव आहे. डोळा कधी उघडावा हे जसे शिक्षकाला कळले पाहिजे, तसेच कधी मिटावा हेही कळले पाहिजे. फक्त पुन्हा उघडावयाच्या वेळी तो आपणच मिटला होता, याची आठवण ठेवा.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. पाडव्याच्या सुमारास फडावरचे लोक परतले. ती आईला घेऊन शाळेत आली आणि तिने तोच धडा समोर उभे राहून वाचला. आईला अक्षर येत नव्हते. ती पुस्तकाकडे पाहत नव्हती, मुलीच्या तोंडाकडे पाहत होती. जे तिला दोन महिने आधी पाहता आले असते, ते एका झडपेने आणि माझ्या घाईने लांबले होते. आपल्या शाळेत तसे होऊ नये, एवढ्यासाठीच आपला इतका वेळ घेतला.